काळ्या फिती आणि लाल शाई

शिक्षणसंस्था हा उद्योग आहे, पण तिथला शिक्षक कामगार नाही. हे मी म्हणत नाही, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे. १९७८ साली बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात न्यायालयानं उद्योगाची व्याख्या इतकी ऐसपैस केली की तिच्यात शाळा-कॉलेजंही मावली. मग गोव्यातून एक खटला आला, ए. सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार. त्याचा निकाल १९८८ सालचा. नोकरीवरून काढलेल्या या शिक्षिकेचं म्हणणं सरळ होतं : शाळा उद्योग असेल तर मी कामगार, आणि मी कामगार असेन तर औद्योगिक विवाद कायद्याखाली माझी दाद घ्या. न्यायालय म्हणालं, शाळा उद्योग खरी, पण आपण कामगार नव्हे. अंगमेहनतीचं, देखरेखीचं, तांत्रिक किंवा कारकुनी काम करतो तो कामगार. शिकवणं यात कुठेच बसत नाही. शिक्षक थोडंफार कारकुनी काम करतात, पण ते आनुषंगिक.

म्हणजे एकाच आवारात शिपाई कामगार, कारकून कामगार, बागेला पाणी घालणारा कामगार, आणि मधल्या इमारतीत खडू घेऊन उभा असलेला माणूस पवित्र. पावित्र्याचा तोटा एवढाच, की त्यावर महागाई भत्ता मोजता येत नाही.

त्या ‘आनुषंगिक’वर मात्र माझा अजून जीव आहे. निकाल १९८८ चा. तेव्हा कॉलेजांना श्रेणी देणारं नॅक नव्हतं. ते १९९४ साली आलं. एपीआय नावाची गुणांची चोपडी नव्हती. ती विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० साली आणली. तेव्हाचा प्राध्यापक खरंच अधूनमधून हजेरीपट भरत असणार आणि उरलेला वेळ शिकवत असणार. आज तोच खटला नव्यानं उभा राहिला आणि न्यायमूर्तींनी एखाद्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक दुपार घालवली, तर शिकवणंच आनुषंगिक ठरेल आणि आम्ही संध्याकाळच्या आत कामगार होऊ. संघटनेच्या बैठकीत मी ही सूचना मांडलीही होती. अध्यक्ष म्हणाले, सूचना उत्तम आहे सर, पण आधी तुमची नॅकच्या निकष तीनची फाईल पूर्ण करा, समिती येतेय.

अमेरिकेत प्राध्यापकांना याच्या बरोबर उलट्या दारानं बाहेर काढलं आहे. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाचे प्राध्यापक संघटना बांधायला निघाले, तर १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हे लोक अभ्यासक्रम ठरवतात, वेळापत्रक ठरवतात, गुण कसे द्यायचे ते ठरवतात, तेव्हा हे तर व्यवस्थापनच झालं! व्यवस्थापनानं व्यवस्थापनाशी कसल्या वाटाघाटी करायच्या? हे खासगी विद्यापीठांपुरतं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत संघटना आहेत, त्या करार करतात आणि वेळ पडली तर संपही. हा निकाल मी स्टाफरूममध्ये सांगितला, तेव्हा आमचे वेळापत्रक समितीचे सर बराच वेळ ताठ बसून होते. मग प्राचार्यांचा शिपाई आला आणि म्हणाला, साहेबांनी विचारलंय, सात नंबरच्या वर्गातला पंखा का बंद आहे.

तर, इथे कामगार नाही आणि तिथे मालक. अशा माणसानं वाटाघाटीला बसायचं कोणाशी?

वाटाघाटीला दोन बाजू लागतात. आमच्याकडे एक बाजू सकाळी नऊपासून तयार असते, शर्टाला इस्त्री करून. दुसरी कुठे बसते, हा पीएच.डी.चा विषय आहे. पगाराचं विचारायला प्राचार्यांकडे जा, ते म्हणतात, माझ्या हातात काय आहे हो, मीही तुमच्यातलाच. संस्थाचालक म्हणतात, आम्ही फक्त इमारत बांधली, पगार सरकार देतं. कुलगुरू म्हणतात, संलग्न महाविद्यालयांच्या पगाराशी विद्यापीठाचा संबंध नाही. परीक्षेच्या कामाशी मात्र तुमचा आहे, तेव्हा उद्या कॅपला या, पेपर तपासायला. विभागीय सहसंचालक म्हणतात, आम्ही अंमलबजावणीवाले, धोरणाचं पुण्याला विचारा. पुण्यात सेंट्रल बिल्डिंगमध्ये सांगतात, धोरण मुंबईला. मंत्रालयात उच्च शिक्षण विभाग म्हणतो, आमची बिलकूल हरकत नाही, फाईल वित्त विभागात आहे. वित्त विभाग मी पाहिलेला नाही. पाहिलेला माणूसही मला अजून भेटायचाय.

बरं, वित्त विभागाच्याही पुढे दिल्ली आहेच. सहावा वेतन आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू. आमचा शासन निर्णय निघाला १२ ऑगस्ट २००९ ला. मधल्या थकबाकीचा ऐंशी टक्के वाटा केंद्राचा, वीस टक्के राज्याचा. केंद्र म्हणे, राज्यानं आधी वाटावेत, हिशेब पाठवावा, मग आम्ही देऊ. राज्य म्हणे, केंद्राचे आले की वाटू. दोघंही इतकी सभ्य, की कोणी दुसऱ्याच्या आधी खिशात हात घालायला तयार नाही. २०१३ उजाडलं तरी हे चाललंच होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

पण आधी सह्यांचं. रटगर्स हे न्यू जर्सीचं विद्यापीठ १७६६ सालचं. २५७ वर्षांत तिथे प्राध्यापकांचा संप म्हणून कधी झाला नव्हता; तो एप्रिल २०२३ मध्ये झाला. राज्याच्या गव्हर्नरांनी दोन्ही बाजूंना ट्रेंटनला आपल्या कार्यालयात बोलावून बसवलं आणि आठवड्याच्या आत वर्ग पुन्हा भरले. आमच्याकडे राज्यपाल हेच राज्यातल्या सगळ्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती. त्यांना निवेदन दिलं की ते योग्य त्या कार्यवाहीसाठी शासनाकडे पाठवलं जातं. शासन पुढेमागे निर्णय काढतं, आणि त्या निर्णयाच्या तळाशी छापलेलं असतं : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. म्हणजे अर्ज त्यांच्याकडे, आदेश त्यांच्या नावाने, आणि मधली सगळी वर्षं फाईल कोणाच्या टेबलावर होती ते कोणालाच ठाऊक नाही. शिवाय त्या कागदावर खाली उपसचिवांची डिजिटल सही असते. आमची कुठेच नसते. आम्ही वाटाघाटी करतो त्या स्वाक्षरीसाठी नव्हे, फार तर त्या कागदाच्या ‘वाचा’ या सदरात आमच्या निवेदनाचा जावक क्रमांक यावा म्हणून. तोही येत नाही.

आता शिष्टमंडळ. प्राध्यापकांचं शिष्टमंडळ ही पाहण्यासारखी गोष्ट आहे, कारण यातला प्रत्येक जण आयुष्यभर एकटाच बोललेला असतो. समोरच्यानं फक्त ऐकायचं आणि शेवटी ‘काही शंका?’ म्हटल्यावर गप्प राहायचं, ही त्याची संभाषणाची कल्पना. अशी सहा माणसं एकाच टेबलाच्या एकाच बाजूला बसवली की प्रशासनाला काहीच करावं लागत नाही. त्यांनी चहा मागवायचा आणि घड्याळ बघायचं.

निवेदन लिहायचं काम रिवाजानं मराठी विभागाकडे. आमच्या मॅडमनी पहिला मसुदा केला तेव्हा दुसऱ्या पानापर्यंत मागणीच आली नव्हती; महाराष्ट्राच्या प्रबोधनाची परंपराच चालली होती. अर्थशास्त्राच्या सरांनी ती सगळी काढून तीन तक्ते घातले. तक्त्यांतल्या बेरजा संख्याशास्त्राच्या सरांना पटल्या नाहीत. तत्त्वज्ञानाच्या सरांनी एवढंच विचारलं की आपण जे मागतो आहोत ती मागणी आहे की हक्क, कारण हक्क असेल तर तो मागता येणार नाही. यावर दीड तास गेला. शेवटी कॉमर्सचे सर उठले, जुन्या निवेदनाची झेरॉक्स काढली, तारीख बदलली आणि म्हणाले, चला, गाडी सुटेल.

तेच बरोबर होतं. मागण्या त्याच होत्या.

सहसंचालकांच्या कार्यालयात कधी गेला नसाल तर सांगतो. जिन्यात कपाटं असतात. कपाटांच्या वर गठ्ठे असतात, लाल फडक्यात बांधलेले, आणि त्यावर स्केचपेननं ‘कॅस प्रलंबित’ असं लिहिलेलं. कॅस म्हणजे आमची बढतीची योजना. त्यातल्या एका गठ्ठ्यात माझी फाईल होती, हे मला तिच्या कोपऱ्यावर पडलेल्या चहाच्या डागावरून कळलं; तो डाग माझाच, जमा करायला आणली तेव्हाचा. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं वाटलं. हात लावणार तोच शिपाई म्हणाला, सर, ते हलवू नका, खालचं पडेल.

मंत्रालयात मात्र मंडळी सुसंस्कृत. आम्हाला एका कक्ष अधिकाऱ्यांकडे पाठवलं होतं. माणूस पस्तिशीचा, चष्मा, टेबल स्वच्छ. आमच्या अध्यक्षांनी प्रास्ताविक सुरू केलं : प्राध्यापक भरती बंद, जागा रिकाम्या, नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली मुलं रस्त्यावर... त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी त्यातलाच आहे सर. इतिहासात पीएच.डी., नेट दोनदा. पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, मग एमपीएससी दिली.

सहा वक्ते एकदम गप्प झाले. असं कधी होत नाही.

“मग तुम्ही आमच्या बाजूनं टिप्पणी लिहा ना साहेब,” कॉमर्सचे सर.

“लिहिली आहे सर. दोन वेळा. वरून परत आली.”

“काय शेरा होता?”

“‘चर्चा करावी.’”

“कोणाशी?”

“ते लिहिलेलं नाही.”

मग त्यांनी चहा मागवला. आम्ही शोधत होतो ती दुसरी बाजू समोर बसली होती, आणि ती आमचीच निघाली. फक्त तिचा पगार एक तारखेला होत होता.

यातून काही निघत नाही म्हटल्यावर आंदोलन. आंदोलनाच्या पायऱ्या ठरलेल्या : काळ्या फिती, धरणे, लाक्षणिक उपोषण, मोर्चा, आझाद मैदान. फितींपासून सुरुवात, कारण त्या स्वस्त. तरी आमच्या सचिवांनी स्नेहसंमेलनात उरलेली साटीनची रिबीनच वापरायची असं ठरवलं, ती जांभळी निघाली, मग काळी आणावी लागली, आणि दुकानदाराकडून पक्कं बिल घ्यायचं की नाही यावर खजिनदारांनी आक्षेप नोंदवला. पिना कोणाकडेच नव्हत्या. गृहविज्ञानाच्या मॅडमनी त्या पदरातून, पर्समधून, कुठून कुठून काढून दिल्या आणि संध्याकाळी मोजून परत घेतल्या. फीत लावून मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेलो. पहिल्या बाकावरच्या मुलानं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “सर, कोण वारलं?” मी म्हणालो, “कोणी नाही. हा आमचा निषेध आहे.” मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “म्हणजे सुट्टी नाही.” वर्गाची सहानुभूती तिथेच संपली.

लाक्षणिक उपोषण अकरा ते पाच. त्याबद्दल जास्त बोलत नाही. अकराला जेवून येता येतं आणि पाचनंतर कांदाभजी मिळतात. घोषणांचा प्रश्न मात्र अवघड. गिरणी कामगारांनी घासूनपुसून तयार ठेवलेल्या घोषणा आमच्या तोंडी नीट बसत नाहीत. ‘कोण म्हणतं देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही’ ही घोषणा दिली की तर्कशास्त्राचे सर कुजबुजतात, यातली दोन्ही विधानं एकमेकांपासून निष्पन्न होत नाहीत. कोणी जोरात ओरडत नाही, कारण रस्त्याच्या पलीकडे पालक उभे असतात. आवाज सगळे वर्गात लागतो तेवढाच लावतात. शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा, पण फाटकाबाहेर नाही.

आणि इथेच ती मुख्य गोष्ट येते, जी प्रशासनाला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि आम्हाला दर वेळी नव्यानं कळते. गिरणी बंद पडली की धोतरं निघायची थांबतात. एसटी बंद पडली की स्टँडवर माणसं झोपतात. प्राध्यापकानं शिकवणं बंद केलं, तर? सप्टेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी ते करून पाहिलं. बेमुदत कामबंद. रिकाम्या जागा भरा, तासिका तत्त्ववाल्यांना नीट वेतन द्या, थकलेला पगार द्या. वर्ग ओस पडले. पालकांचे फोन आले नाहीत. बाजारात कसली टंचाई झाली नाही. कॅन्टीनवाल्याचा धंदा तर वाढला. एका विद्यार्थ्यानं मला रस्त्यात गाठून फार आपुलकीनं सांगितलं, “सर, माघार घेऊ नका.”

उलट २०१३ साल घ्या. सहाव्या वेतन आयोगाच्या त्याच थकबाकीसाठी त्या वर्षी प्राध्यापक संघटनांच्या महासंघानं, म्हणजे एमफुक्टोनं, फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. शिकवणं चालू, तपासणं बंद. आणि हलकल्लोळ! कुलगुरूंना घाम, मंत्र्यांची निवेदनं, वृत्तपत्रांत अग्रलेख, पालक रस्त्यावर, शेवटी उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि मे महिन्यात बहिष्कार संपला. वर्षभर आम्ही काय शिकवलं याची चौकशी ज्यांनी जन्मात केली नाही, ते सगळे आम्ही पेपर कधी तपासणार ते विचारत होते. या राज्यात ज्ञान थांबलं तर चालतं, गुणपत्रिका थांबता कामा नये. वाईट वाटून घेण्यासारखं आहे खरं, पण वाटाघाटीच्या दृष्टीनं ही फार उपयोगाची माहिती आहे.

ब्रिटनमध्येही काही निराळं नाही. २०२३ च्या वसंतात तिथल्या प्राध्यापक संघटनेनं हेच केलं, तपासणीवर बहिष्कार. दीडशेच्या आसपास विद्यापीठं त्यात सापडली. उन्हाळ्यात पदवीदान समारंभ व्हायचे तसे झाले. झगे, टोप्या, फोटो, आईवडील, सगळं. फक्त बऱ्याच मुलांना आपला वर्ग कोणता ते कळलंच नाही, कारण पेपर कपाटात. तिथल्या विद्यापीठांनी बहिष्कारवाल्यांचा पगार कापला, कोणी निम्मा, कोणी सगळाच.

आमचाही कापला. २०१३ च्या त्या बहिष्काराबद्दल ७१ दिवसांचा पगार रोखला गेला, आणि हे ७१ दिवस पुढे आमच्या प्रत्येक निवेदनात जाऊन बसले. २०१८ च्या संपाच्या मागण्यांतही ते होते. सरकारचा मुद्दा : काम नाही तर दाम नाही. आमचा मुद्दा : शिकवत तर होतो! सह्या आहेत मस्टरवर! सरकारचा प्रतिमुद्दा असा, की पेपर तपासणं हे तुमच्या कामाचाच भाग आहे. वाद कागदावर चालू होता, पण त्याचा अर्थ बघा. गोव्याच्या निकालात शिकवणं मुख्य आणि बाकीचं आनुषंगिक; इथे तेच बाकीचं थांबलं तर शिकवल्याचा पगारही गेला. न्यायमूर्तींना तेव्हा कोणी कॅप दाखवलं नव्हतं. कॅप म्हणजे परीक्षेचं केंद्रीय मूल्यमापन केंद्र : एका सभागृहात शंभर माणसं खाली मान घालून लाल पेननं खुणा करतायत, दारात सही, जाताना सही, गठ्ठ्यावर सही, चहाच्या कुपनावर सही. बाहेरून बघणाऱ्याला यातला कामगार कोण नाही ते सांगणं कठीण.

शिष्टमंडळं आणि मोर्चे चालू असताना वर्गावर कोण होतं, ते सांगायचं राहिलं. तासिका तत्त्ववाले. आम्ही पूर्णवेळ लोक आझाद मैदानावर न्याय मागायला जातो, तेव्हा आमचे तास ते घेतात. त्यांना पगार नाही, मानधन. तेही महिन्याला नाही, तासाला. आणि तासाचा हिशेब असा, की मुंबईकडे कित्येक कॉलेजांत तासिका असायची ४८ मिनिटांची आणि मोजणारा मोजायचा ६० ची. उरलेली बारा मिनिटं कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न गणिताच्या विभागालाही सुटला नाही. अनुदान आयोगाचा नियम सांगतो की कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नयेत. हा नियम आमच्या फलकावर लावलेला आहे. विभागात आम्ही तिघं आहोत. दोघं तासिका तत्त्वावर. फलक त्यांनीच लावला.

वाटाघाटीच्या टेबलावर ते नसतात. बोलावलं तरी येत नाहीत, कारण त्या वेळेत दुसऱ्या गावच्या कॉलेजला त्यांचा तास असतो. एकदा मी आमच्यातल्या एकाला आग्रह केला, “अरे, तुमच्याच मागणीसाठी चाललोय, चल की.” तो मोटारसायकलला किक मारत म्हणाला, “सर, तुम्ही जाऊन या. तुमचा एक तास आहे ना बाराचा? मी बघतो.” मग थोडा थांबून, “तेवढी मस्टरवर सही माझी करू द्या. तुमची नको.” एवढीच त्याची मागणी होती. ती मी जागच्या जागी मान्य केली. माझ्या हयातीत लगेच निकाली निघालेली ही एकमेव मागणी.

असो. आंदोलन सुरू होतं तसं ते एक दिवस थांबतं. मागे कधीच घेतलं जात नाही, स्थगित होतं. माझ्या नोकरीत स्थगित झालेली सगळी आंदोलनं कायद्यानं अजून चालूच आहेत. थांबण्याचं कारण म्हणजे मंत्रिमहोदयांकडची बैठक. लांब टेबल, पाण्याच्या छोट्या बाटल्या, मध्ये प्लास्टिकची फुलं. साहेब येतात, घाईत असतात, पण हसतमुख. माझी आई शिक्षिका होती, असं सांगतात. शिक्षकांबद्दल नितांत आदर असल्याचं सांगतात. आमचे अध्यक्ष बारा मागण्यांपैकी तिसरीवर असताना साहेबांना सभागृहातून बोलावणं येतं. जाता जाता ते सचिवांना म्हणतात, “यांचं बघून घ्या.” सचिव मान हलवतात. आम्ही बाहेर येतो आणि जिन्यातच आमच्यात दोन गट पडतात : एक म्हणतो मान हलली ती होकारार्थी, दुसरा म्हणतो ते नुसतं मानेचं दुखणं.

खरी लढाई त्यानंतर, इतिवृत्तावर. बैठकीत काय झालं त्याला काही किंमत नाही. काय झालं असं लिहिलं गेलं, त्याला आहे. या वेळचं इतिवृत्त महिनाभरानं आलं. अडीच पानं. पहिल्या पानावर उपस्थितांची नावं, त्यात तत्त्वज्ञानाच्या सरांचं दोनदा. दुसऱ्या पानावर बारा मागण्यांपैकी अकरांपुढे अकरा वेळा ‘तपासून पाहण्यात येईल’. सातव्या मागणीपुढे चुकून दुसऱ्याच कुठल्या तरी बैठकीतलं, पशुखाद्याच्या अनुदानाबद्दलचं वाक्य पडलं होतं. तीच एक मागणी मान्य झालेली होती.

अशा वेळी इतर संघटना काय करतात मला माहीत नाही. आमच्या मराठीच्या मॅडमनी लाल पेन काढलं. पान एकवर शुद्धलेखनाच्या चुका, पान दोनवर ‘संदर्भ?’, ‘पुनरुक्ती’, ‘प्रश्न नीट वाचा’. अर्थशास्त्राच्या सरांनी समासात ‘आकडेवारी द्यावी’ लिहिलं. मग कागद हातोहात फिरला, प्रत्येकानं सवयीनं शेवटी गुण दिले, सरासरी काढली, ती शंभरात ३१ आली. नियमाप्रमाणे चार गुण सवलतीचे देता येतात का यावर चर्चा होऊन ते नाकारण्यात आले. खाली ‘परीक्षक’ म्हणून अध्यक्षांनी सही केली, ‘नियामक’ म्हणून मी. कॉमर्सचे सर म्हणत होते की हे पाठवू नका, झेरॉक्स पाठवू. तोवर पाकीट पोस्टात पडलं होतं.

आठवड्यानं त्या कक्ष अधिकाऱ्यांचा अध्यक्षांना फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत. म्हणाले, सर, कागद मिळाला, साहेबांपुढे ठेवलाय. त्यांनी शेरा मारलाय, तो वाचून दाखवतो : ‘गुण कमी वाटतात. पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करावा. फी किती व कोणाच्या नावे भरावी, हे वित्त विभागास विचारून कळवावे.’